एकाच नावाची दोन फंक्शनं

स्ट्रॉबेरीच्या पानावर किती तास ओल टिकली हे मोजणारं यंत्र आम्ही पाचगणीत बनवतो. एक पांढरी पेटी, तिच्यात लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा बोर्ड, दर्शनी बाजूला छोटा पडदा आणि वायरींच्या टोकाला सेन्सर. एक तापमानाचा, एक आर्द्रतेचा आणि तिसरा म्हणजे पानासारखी दिसणारी पट्टी. पट्टीवर दव साचलं की तिच्यातली वीज वेगळी वाहते. त्यावरून शून्य ते शंभर असा ओलीचा आकडा काढायचा आणि तो वीसच्या वर गेला की पान ओलं धरायचं.

खिंगर, गोडवली, दांडेघर, भिलार या भागात सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली रोपं जानेवारीत भर तोड्यावर असतात. स्वीट चार्ली, विंटर डॉन, नाबिला, ज्याची जी जात असेल ती. पहाटे दव एवढं पडतं की गादीवाफ्यावरचा मल्चिंग पेपर नुकता धुतल्यासारखा चमकतो. पान आणि फळ तासन्‌तास ओलं राहिलं, हवा बेताची गार असली, की राखाडी बुरशी धरते, फळकूज सुरू होते, आणि पनेटमध्ये, म्हणजे फळांच्या छोट्या डबीत, गेलेलं एक नासकं फळ सगळं पनेट घेऊन जातं. आमचं यंत्र ओलीचे तास मोजतं, तापमान बघतं आणि धोका वाटला तर शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप पाठवतं. फवारणी करायची की थांबायचं, हे बरेच जण त्या निरोपावरून ठरवतात. आकडा चुकला तर नको असलेलं औषध खाण्याच्या फळावर पडतं.

एका जानेवारीत खिंगरच्या एका बागायतदारांचा फोन आला. आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो. "ताई, जरा येऊन बघा. पेपरला हात लावंना असं ऊन पडलंय, अन् तुमचं यंत्र म्हणतंय पान ओलं हाय. पहाटं दवानं सगळं चिंब असतंय, तवा म्हणतंय कोरडं."

मी गेले. पट्टी स्वच्छ होती, वायर शाबूत होती, पेटीत पाणी शिरलं नव्हतं. पडद्यावर ओलीचा आकडा २४.६. मी बाटलीतलं पाणी पट्टीवर ओतलं. आकडा २४.६. पदराच्या टोकानं पट्टी पुसून कोरडी केली. आकडा २४.६. थोड्या वेळानं तो हळूच २४.७ झाला. बंद पडलेला सेन्सर असा वागत नाही. बंद पडला तर तो शून्य दाखवतो, शंभर दाखवतो, नाहीतर वेड्यासारखा उड्या मारतो. इथे आकडा जिवंत होता, फक्त पट्टीशी त्याचा काही संबंध उरलेला नव्हता.

अण्णांनी आमच्या निरोपावर विसंबून त्याआधीच एक फवारणी उरकली होती. औषध मारल्यावर ठरावीक दिवस तोडा करता येत नाही, आणि पिकलेली स्ट्रॉबेरी कोणासाठी थांबत नाही. ते मला एका शब्दानंही बोलले नाहीत. वाफ्यावर मऊ पडलेली फळं तेवढी दाखवली.

ऑफिसात परतल्यावर संशयित ठरलेलाच होता. थोड्याच दिवसांपूर्वी आम्ही प्रोग्रामची नवी आवृत्ती सगळ्या यंत्रांवर चढवली होती आणि तिच्यात एकच बदल होता. पडद्यावरचा इंग्रजी मजकूर काढून मराठी घातला होता. 'लीफ वेटनेस'च्या जागी 'पानावरची ओल'. ही मागणी शेतकऱ्यांचीच होती आणि मला ती मनापासून पटलेली होती. संशयही निराधार म्हणता येत नव्हता. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. इंग्रजी अक्षरं मोजून ठेवलेल्या जागेत मराठी मजकूर कोंबला तर तो शेजारच्या मेमरीवर सांडतो, आणि सी भाषा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आम्ही अशी प्रत्येक जागा तपासली. सगळीकडे पुरेशी जागा होती.

मग जुना प्रोग्राम एका यंत्रावर परत टाकला. पट्टीवर पाणी ओतलं, आकडा ९७ झाला. पुसली, ३ झाला. नवा टाकला, पुन्हा बिघाड. मराठी घातलं की बिघडतं, हे जणू सिद्धच झालं. मला ते मान्य होईना. कराडच्या कॉलेजातून आमच्याकडे आलेला एक तरुण सहकारी तेव्हा माझ्याबरोबर काम करत होता. त्याला मी म्हटलं, मराठी घालण्याआधीचा सोर्स काढ, एक अक्षरही न बदलता आज नव्यानं बिल्ड कर आणि तो चालव.

बिघाड आला. सोर्स जुना, मजकूर इंग्रजी, बिल्ड मात्र आजचा. म्हणजे मराठी सुटली. एकाच सोर्सपासून दोन प्रोग्राम झाले होते. काही महिन्यांपूर्वीचा बरोबर चालत होता, आजचा चुकत होता. मधल्या काळात आमच्या बाजूला काय बदललं होतं? सेन्सर बनवणाऱ्या कंपनीची शेअर्ड लायब्ररी. तिची नवी आवृत्ती आम्ही पावसाळ्यातच सगळ्या यंत्रांवर आणि ऑफिसातल्या बिल्ड मशिनवर घातली होती. पण तीही दोषी दिसेना, कारण तीच नवी लायब्ररी आणि जुना प्रोग्राम महिनोन्‌महिने एकत्र सुरळीत चालले होते. प्रोग्राम निर्दोष, लायब्ररी निर्दोष, आणि नव्या लायब्ररीबरोबर प्रोग्राम नव्यानं जोडला की आकडा खोटा.

वाट दाखवली ती आलेखानं. सहकाऱ्यानं अण्णांच्या यंत्रातले सगळ्या रकान्यांचे आकडे एकाच आलेखावर काढले, आणि ओलीची रेघ तापमानाच्या रेघेवर तंतोतंत बसली. दशांशासकट. खिंगरच्या शेतात २४.६ हे पानावरच्या ओलीचं माप नव्हतंच, ते त्या क्षणाचं तापमान होतं. पहाटे तापमान वीसच्या खाली, म्हणून 'कोरडं'. उन्हं चढली की वीसच्या वर, म्हणून 'ओलं'. दव आणि ऊन यांची जी उलटापालट अण्णांनी डोळ्यांनी पकडली होती, तिचं कारण हे.

पण ओलीच्या जागी तापमान आलं कसं? इथून पुढे जे सापडलं त्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण सी भाषेत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या पुष्कळ जणांना हे कधी कोणी नीट सांगितलेलं नसतं.

'एनएम' नावाचं एक जुनं, साधं हत्यार आहे. एखाद्या प्रोग्रामात किंवा लायब्ररीत कोणती नावं आहेत याची यादी ते देतं. आम्ही दोन्ही प्रोग्रामांची बाहेर दिसणारी नावं शेजारी शेजारी ठेवली. नव्या प्रोग्रामात एक नाव जास्तीचं होतं: 'स्केल'. हे आमचंच फंक्शन. पडद्यावर आलेखाचा खांब किती पिक्सेल उंच काढायचा हे ते ठरवायचं, एक पूर्णांक घ्यायचं, एक पूर्णांक द्यायचं. मग लायब्ररीची यादी काढली. तिथेही 'स्केल'. हे त्यांचं फंक्शन: पट्टीकडून आलेला कच्चा आकडा आणि सेन्सरचा क्रमांक घेऊन दशांश संख्या देणारं.

दोन फाइली एकाच प्रोग्रामात जोडताना दोन्हींत एकाच नावाचं फंक्शन आलं तर लिंकर तिथेच अडवतो, नाव दोनदा आलंय म्हणून सांगतो आणि थांबतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्रोग्राम आणि शेअर्ड लायब्ररी यांच्यात तेच नाव आलं तर मात्र लिंकर गप्प बसतो. त्याच्या दृष्टीनं काही चुकलेलंच नाही. प्रोग्राम सुरू होताना लोडर सगळ्या लायब्रऱ्या मेमरीत आणतो आणि कोणत्या नावासाठी कोणता पत्ता द्यायचा ते ठरवतो. तेव्हा त्याचा शोध एका ठरलेल्या क्रमानं चालतो. आधी खुद्द प्रोग्राम, मग लायब्रऱ्या, ज्या क्रमानं जोडल्या त्या क्रमानं. जिथे नाव पहिल्यांदा सापडेल तिथे शोध संपतो. नाव कोणी विचारलं, त्याला कोणाचं हवं होतं, हे लोडर बघतच नाही. भिलारमध्ये भिलारे आडनावाची घरं पुष्कळ आहेत. पाकिटावर नुसतं 'भिलारे' लिहून पाठवलं आणि कुरियरवाल्यानं रस्त्यावरच्या पहिल्या भिलाऱ्यांच्या दारात ते दिलं, तर जे होईल ते इथे होतं.

लायब्ररीतल्या ओल वाचणाऱ्या फंक्शननं स्वतःच्याच घरातलं 'स्केल' बोलावलं होतं. लोडरनं त्याला आमचं 'स्केल' दिलं.

हे प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायची सोयही लिनक्समध्ये आहे. 'एलडी डीबग' या पर्यावरण चलाला 'बाइंडिंग्ज' ही किंमत देऊन प्रोग्राम चालवला की लोडर प्रत्येक जोडणी बोलून दाखवतो. हजारो ओळी धबधब्यासारख्या येतात. त्यातून 'स्केल' असलेली ओळ वेगळी काढली. डाव्या बाजूला लायब्ररीचं नाव, उजव्या बाजूला आमच्या प्रोग्रामचं नाव आणि शेवटी अवतरणात 'स्केल'. लायब्ररीकडून प्रोग्रामकडे. सहकारी ती ओळ बघून म्हणाला, "ताई, पण दोघांचे पॅरामीटर वेगळे आहेत. परत देणारा प्रकारसुद्धा वेगळा आहे. तरी जोडलं?"

तरी जोडलं. सीमध्ये बाहेर जातं ते फक्त नाव. फंक्शन काय घेतं आणि काय देतं याची खूण त्या नावात नसते. सी प्लस प्लसमध्ये कंपायलर घेतलेल्या प्रकारांची माहिती नावातच गुंफून टाकतो, त्यामुळे असे बरेच अपघात टळतात. सीमध्ये नुसतं 'स्केल'. आमच्या बोर्डावरच्या एआरएम प्रोसेसरमध्ये पूर्णांक उत्तर एका रजिस्टरमधून परत येतं आणि दशांश उत्तर दुसऱ्याच रजिस्टरमधून. आमचं 'स्केल' आपलं पूर्णांक उत्तर पूर्णांकाच्या रजिस्टरमध्ये ठेवून मोकळं झालं. लायब्ररीनं मात्र उत्तर दशांशाच्या रजिस्टरमधून उचललं. तिथे कोणी काही ठेवलेलंच नव्हतं, त्यामुळे आधीची संख्या तशीच पडून होती. आधी वाचलेलं होतं तापमान. २४.६.

म्हणून आकडा इतका शहाण्यासारखा दिसत होता. प्रोग्राम कोसळला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. नावांच्या टकरीतला मला सगळ्यात भयंकर वाटणारा भाग हाच: कोसळणं ही त्यातली बरी शक्यता आहे.

आता उरला शेवटचा प्रश्न. नवी लायब्ररी पावसाळ्यात आली, मग बिघाड जानेवारीत का? याचं उत्तर मिळालं तेव्हा मला खरं समाधान वाटलं. प्रोग्राममधली नावं एरवी बाहेर दिसत नाहीत. पण जोडणी करताना लिंकरला दिसलं की हेच नाव समोरच्या शेअर्ड लायब्ररीतही आहे, तर तो ते नाव प्रोग्रामच्या बाहेरच्या यादीत आपणहून घालतो. जुना प्रोग्राम जुन्या लायब्ररीसमोर जोडलेला होता आणि जुन्या लायब्ररीत 'स्केल' बाहेर दिसत नव्हतं. म्हणून जुन्या प्रोग्रामातही ते बाहेर आलं नाही. नंतर नवी लायब्ररी आली तरी लोडरला प्रोग्रामात 'स्केल' सापडलं नाही, तो पुढे गेला आणि लायब्ररीचं लायब्ररीला मिळालं. जानेवारीत आम्ही नवा बिल्ड केला तो नव्या लायब्ररीसमोर. नाव दोन्हीकडे दिसलं, लिंकरनं आमचं 'स्केल' बाहेर मांडलं आणि टक्कर झाली. मराठी मजकूर हे केवळ नवा बिल्ड करण्याचं निमित्त होतं. मी हे सगळं कागदावर रेघा ओढून ऑफिसात प्रत्येकाला समजावून सांगितलं. 'मराठी घातलं की बिघडतं' ही समजूत एकदा रुजली की ती पुढच्या दहा प्रकल्पांत कोणीतरी उगाळत राहतं, आणि ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

लायब्ररीवाल्यांनी काय बदललं होतं तेही यादीवरून समजलं. आधी त्यांचा सगळा कोड एका मोठ्या फाइलीत होता आणि 'स्केल' तिथे 'स्टॅटिक' होतं, म्हणजे त्या फाइलीपुरतं. नंतर त्यांनी फाइल दोन भागांत विभागली. एका भागातलं फंक्शन दुसऱ्या भागाला हवं, म्हणून 'स्टॅटिक' काढावं लागलं. सी भाषेची खरी उणीव इथे आहे. या भाषेत नावाला दोनच अवस्था माहीत आहेत, फाइलीपुरतं किंवा जगजाहीर. 'माझ्या लायब्ररीपुरतं' असं म्हणायला भाषेत शब्द नाही. फाइल विभागणं हे चांगलं, नीटनेटकं काम. ते करताना आतलं एक नाव बाहेर पडलं.

ही उणीव जुन्या काळातून आलेली आहे. १९८९च्या सी मानकानं बाहेरच्या नावांची फक्त पहिली सहा अक्षरं वेगळी ओळखली जातील एवढीच हमी दिली होती, तीही लहान-मोठ्या लिपीचा भेद न करता. तेव्हाच्या अनेक लिंकरांची झेप तेवढीच होती. 'मॅलॉक', 'एसटीआरसीपीवाय' अशी सहा अक्षरांत आवळलेली नावं त्या काळाला साजेशीच आहेत. १९९९च्या मानकानं ही मर्यादा ३१वर नेली. नावं लांब ठेवता येऊ लागली, पण सगळ्यांचं मैदान एकच राहिलं.

आणि पहिलं सापडेल ते घ्यायचं हा नियम निष्काळजीपणातून आलेला नाही. १९८०च्या दशकाच्या शेवटी सनच्या युनिक्समध्ये आणि पाठोपाठ एल्फ या फाइल-रचनेत शेअर्ड लायब्रऱ्या आल्या, तेव्हा जुन्या, सगळं एकत्र जोडलेल्या प्रोग्रामांसारखंच त्यांनी वागावं असं ठरलं. प्रोग्रामनं स्वतःचं 'मॅलॉक' लिहिलं तर सगळ्या लायब्रऱ्यांनी तेच वापरावं. या सोयीचा मी स्वतः कितीदा तरी फायदा घेतला आहे. मेमरी कुठे गळते हे शोधणारी हत्यारं याच वाटेनं आत शिरतात. मॅकनं २००१च्या १०.१ आवृत्तीपासून वेगळा रस्ता धरला: तिथे नावाबरोबर ते कोणत्या लायब्ररीतून घ्यायचं हेही नोंदलं जातं. विंडोजच्या डीएलएलमध्येही कोणाकडून घ्यायचं ते आधीच लिहिलेलं असतं. लिनक्सनं युनिक्सची मोकळीक ठेवली, तिच्याबरोबर हा धोकाही ठेवला.

याची झळ मोठमोठ्यांना लागलेली आहे. अपाचे वेब सर्व्हर आणि पायथॉन एकाच प्रोसेसमध्ये चालवणाऱ्यांना पूर्वी एक नावाजलेला त्रास व्हायचा. एक्सएमएल वाचणारी 'एक्स्पॅट' ही लायब्ररी दोघांकडेही होती, आवृत्त्या वेगळ्या. पायथॉनचा भाग अपाचेबरोबर आलेल्या एक्स्पॅटला जोडला जायचा आणि सर्व्हर कोसळायचा. पायथॉननं अखेर आपल्याकडच्या एक्स्पॅटमधल्या सगळ्या नावांना 'पायएक्स्पॅट' असा उपसर्ग लावून टाकला. एसक्यूलाइटनं तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक फंक्शनच्या नावात तीनचा आकडाच घातला, जेणेकरून दुसरी आणि तिसरी आवृत्ती एका प्रोग्रामात सुखानं नांदावी. लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीत 'प्रिंटएफ' आतून लिहिण्याचं काम साध्या 'राइट'ला सांगत नाही, दोन अधोरेखांपासून सुरू होणाऱ्या स्वतःच्या नावाला सांगतं. तुमच्या प्रोग्रामात 'राइट' नावाचं फंक्शन असण्याचा तुम्हाला हक्क आहे, हे तिथल्या लोकांनी आधीच धरलेलं आहे. एवढा विचार दुसऱ्याच्या प्रोग्रामसाठी करणारी माणसं मला फार आदरणीय वाटतात.

भाषेत नसलेला शब्द अवजारांनी पुरवला आहे. २००५ साली आलेल्या जीसीसी कंपायलरच्या ४.० आवृत्तीपासून 'व्हिजिबिलिटी हिडन' हा पर्याय वापरता येतो. त्यानं लायब्ररीतली सगळी नावं आत राहतात आणि मोजकी, तुम्ही खूण केलेली तेवढीच बाहेर येतात. दुसरी वाट म्हणजे लिंकरला एक छोटी फाइल द्यायची, तिच्यात बाहेर जाणारी नावं लिहायची आणि बाकी सगळं स्थानिक म्हणायचं. मला ही दुसरी वाट जास्त आवडते, कारण लायब्ररीनं जगाला काय वचन दिलंय ते एका कागदावर वाचता येतं. 'बी-सिम्बॉलिक' नावाचा आणखी एक पर्याय आहे. तो लायब्ररीची बोलावणी आतल्या आतच जोडतो, पण चलांच्या आणि फंक्शन-पॉइंटरांच्या बाबतीत त्याचे आपले घोटाळे आहेत, म्हणून मी तो डोळे झाकून लावत नाही. उलरिक ड्रेपर यांचा शेअर्ड लायब्रऱ्या कशा लिहाव्यात यावरचा दीर्घ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांनी जरूर वाचावा. जड आहे, पण या विषयावर त्याच्या तोडीचं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

नावं आत ठेवल्यानं वेगही वाढतो. एखादं फंक्शन बाहेरून बदललं जाऊ शकतं असं धरलं की कंपायलरला प्रत्येक बोलावणं वळसा घालून न्यावं लागतं आणि छोटी फंक्शनं जागच्या जागी विरघळवता येत नाहीत. २०२०च्या फेडोरा ३२मध्ये पायथॉन बांधताना ही शक्यताच बंद केली, तेव्हा काही कामांत वेग २७ टक्क्यांपर्यंत वाढल्याचं नोंदलं गेलं.

आपल्याकडे हे शिकवलं का जात नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. महाराष्ट्रातल्या माझ्या पिढीनं सी शिकली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वर आणि टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. त्या पुस्तकानं आमच्यातल्या हजारोंच्या मनातली पॉइंटरची भीती घालवली, त्याचं ऋण मोठं आहे. पण कॉलेजातला प्रोग्राम एका फाइलीचा असतो आणि टर्बो सी ज्या डॉसवर चालायचं तिथे आज ज्याला शेअर्ड लायब्ररी म्हणतात ती नव्हतीच. 'स्टॅटिक'चा अर्थ परीक्षेत विचारला जायचा तो फंक्शनमधल्या चलाची किंमत टिकवण्यापुरता. नाव झाकणं हा त्याचा दुसरा अर्थ मी नोकरीत शिकले. मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकर सरांच्या पुढाकारानं जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं, कंपायलर आतून कसा चालतो यावर कार्यशाळा झाल्या. कंपायलरला तिथे जे प्रेम मिळालं, त्यातलं थोडं लिंकर आणि लोडरच्या वाट्याला आपल्या कॉलेजांत यावं असं मला फार वाटतं. जिल्ह्याच्या गावातल्या मुलालाही एक प्रोग्राम, एक लायब्ररी आणि दोन्हींत एकच नाव एवढ्या सामग्रीवर तासाभरात हे सगळं करून दाखवता येतं.

आमचं 'स्केल' त्याच संध्याकाळी 'स्टॅटिक' झालं. मराठी पडद्यासकट नवा बिल्ड केला, पट्टीवर पाणी ओतलं, आकडा ९७. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिंगरला चढवला आणि अण्णांना सगळं समजावलं, 'स्केल'सकट. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हंजे दोन्ही बरोबर, पण नाव एक." मग त्यांनी विचारलं, इतर कोणाकोणाच्या यंत्रात हे झालंय, त्यांना सांगितलं का? आम्ही त्याच दिवशी प्रत्येकाला फोन केला.

एका नावापुरतं काम करून थांबणं मला पटलं नाही. आता प्रत्येक बिल्डच्या शेवटी एक छोटी स्क्रिप्ट चालते. ती आमच्या प्रोग्रामात व्याख्या केलेली नावं काढते, जोडलेल्या प्रत्येक लायब्ररीची बाहेरची नावं काढते आणि दोन्हींत समान सापडलं तर बिल्ड थांबवते. पहिल्याच दिवशी तिनं 'वाय वन' पकडलं. आलेखाच्या कोडमध्ये आम्ही हे नाव दिलं होतं, आणि गणिताच्या प्रमाण लायब्ररीत ते बेसल फलनांपैकी एकाचं नाव आहे. त्यानं तोवर काही बिघडवलं नव्हतं, तरी बदललं. जागतिक चलांकडेही तेव्हापासून आम्ही याच नजरेनं बघतो. 'इंट काउंट' असं दोन फाइलींत लिहिलं तर जुना जीसीसी गुपचूप दोन्हींचं एक करायचा. २०२०च्या दहाव्या आवृत्तीपासून तो अडवतो, पण अनेक बोर्डांबरोबर आजही त्याआधीचेच कंपायलर येतात.

लायब्ररीवाल्यांना आम्ही सविस्तर पत्र लिहिलं. सोबत लोडरची ती ओळ, दोन्ही याद्या आणि बिघाड घडवून दाखवणारा वीसएक ओळींचा प्रोग्राम जोडला. तक्रारीचा सूर ठेवला नाही. त्यांचं उत्तर चांगलं आलं, आणि पुढच्या आवृत्तीत बाहेर दिसणाऱ्या नावांची यादी एका पानात मावेल एवढी झाली, प्रत्येक नावाला त्यांचा उपसर्ग.

परवा त्या कराडच्या सहकाऱ्यानं आमच्यासाठी पहिली शेअर्ड लायब्ररी लिहायला घेतली, मातीच्या ओलाव्याच्या सेन्सरसाठी. एकही फंक्शन लिहिण्याआधी त्यानं बाहेर जाणाऱ्या नावांची फाइल लिहून माझ्यासमोर ठेवली. नावं थोडी होती. त्यातल्या एकावर आमचा बराच वेळ वाद झाला. सेन्सरची जुळणी नव्यानं करणारं ते फंक्शन आमची यंत्रं विकणाऱ्या दुकानदारांना उपयोगी पडेल असं त्याचं म्हणणं होतं. एकदा बाहेर दिलं की पुढे ते काढून घेता येणार नाही, लोक त्यावर विसंबतील, असं माझं. शेवटी त्यानंच ते खोडलं आणि म्हणाला, कोणी मागितलं तर तेव्हा देऊ.